खोआबानेचं बर्फ

तिसऱ्या दिवशी मेंढ्या एकमेकींची लोकर खायला लागल्या.

मात्लाली फावड्याने वाट काढत मेंढवाड्यापाशी पोचली तेव्हा तिला आधी भिंतच दिसली नाही. तिच्या सासऱ्याने रचलेली छातीएवढी दगडी भिंत. रात्रीतून तिच्या जागी नुसता पांढरा उंचवटा झाला होता आणि त्यातून एका ठिकाणी वाफ वर येत होती. वाफेच्या खुणेवर तिने खणायला घेतलं. पासष्टीची बाई, गुडघे कधीचे कामातून गेलेले, हातमोजे नाहीत म्हणून हातात जुने पायमोजे चढवलेले. चार फावडी बर्फ काढायचं, दांड्यावर कपाळ टेकून दम घ्यायचा, पुन्हा चार फावडी. असं करत ऊन चांगलं वर येईतो ती आत पोचली.

आत चौदा मेंढ्या होत्या. त्यातल्या तीन मेल्या होत्या आणि बाकीच्या त्यांच्या अंगावर उभ्या होत्या. जिवंत होत्या त्यांच्या पाठीवर जागोजाग उघडी कातडी दिसत होती आणि तोंडांतून लोकरीचे धागे लोंबत होते. बायकांनी जनावरांच्या वाड्यात पाय ठेवू नये अशी आमच्याकडे रीत आहे. पण ज्या घरात पुरुष नाही त्या घरात रीत पाळायची कुणी? नवरा बत्तीस वर्षांपूर्वी गेला. मुलगा त्लाली सोन्याच्या खाणीत कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरं घर मांडून बसला. सात वर्षांत त्याचा निरोपसुद्धा नाही. या मेंढ्यांची लोकर वर्षातून एकदा कातरायची आणि त्यावर मीठ, रॉकेल, मक्याचं पीठ आणायचं. मेंढ्या गेल्या की मात्लालीही गेलीच.

तिने मेलेल्या तिघींना पाय धरून बाहेर ओढलं. काल तिने अंथरुणातलं गवत काढून मेंढ्यांना घातलं होतं. आज घरात घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“म्मे मात्लाली,” खालच्या घरातली माफूती हाक मारत आली. वडीलधाऱ्या बाईला आम्ही म्मे म्हणतो, म्हणजे आई. तिच्या कमरेपर्यंत बर्फ होतं आणि पाठीला लेकरू बांधलेलं होतं. “म्मे, हे खोआबानेच्या बर्फाएवढं आहे का हो?”

मात्लालीने कंबर सरळ केली, चारी बाजूंना पाहिलं आणि सवयीने म्हणाली, “नाही. तेव्हा दार उघडेना. छपराचं गवत उपसून बाहेर यावं लागलं होतं.”

माफूती मेलेल्या मेंढ्यांकडे बघत राहिली. “माझी सहा करडं गेली,” ती म्हणाली. “एकदा नीट बघा ना, म्मे.”

“बघितलं की.”

माफूती आल्या वाटेने परत गेली.

खोआबाने म्हणजे मात्लालीचा नवरा. आमच्या डोंगरात वर्षांना आकडे नसतात, नावं असतात. टोळांचं वर्ष, लाल धुळीचं वर्ष. ज्या बर्फात खोआबाने मेला त्या बर्फाला त्याचं नाव पडलं, आणि पुढे पडलेलं प्रत्येक बर्फ त्याच मापाने मोजलं गेलं. हे त्याच्या निम्मं, ते त्याच्या पाव. पण माप ठाऊक होतं एकट्या मात्लालीला. तेव्हा गावात सात घरं होती आणि निम्मे पुरुष खाणीत होते. तेव्हाचे म्हातारे मरून गेले. जे तेव्हा लहान होते त्यांना ते बर्फ डोक्याएवढं आठवत होतं, पण तेव्हा त्यांचं डोकं होतंच केवढं. म्हणून बर्फ पडलं की लोक मात्लालीच्या दारात यायचे, ती घोंगडी आवळून बाहेर यायची, चारी बाजूंना बघायची आणि “नाही” म्हणायची. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. एरवी वर्षभर तिच्या दारात कोण येतंय.

नुसतं आवडण्यापुरतंच असतं तर ठीक होतं. पण गावाच्या वर सूर्याकडे तोंड करून जो उतार आहे तिथे आमचं राखीव कुरण आहे. तिथलं गवत माणसाच्या छातीएवढं वाढतं आणि ते घरं शाकारायला ठेवलेलं असतं. कुणाची मेंढी तिथे सापडली तर ती मोरेनाकडे, म्हणजे आमच्या गावप्रमुखाकडे, जप्त होते. म्हाताऱ्या मोरेना सेखेलेने खोआबानेला पुरलं त्याच आठवड्यात भरसभेत सांगितलं होतं: “हे गवत माणसांच्या छपराचं. पुन्हा खोआबानेच्या बर्फाएवढं बर्फ पडलं, तरच जनावरांचं.” सगळ्यांनी हात वर केले होते. तेव्हापासून दोनदा मोठं बर्फ पडलं, दोन्ही वेळा मात्लाली “नाही” म्हणाली, आणि दोन्ही वेळा लोकांनी वरचं उभं गवत बघत खाली मेंढ्या पुरल्या.

दुपार कलता कलता वरून मोहापी आला.

मोहापी मोरेनाच्या शेळ्या राखायचा. चाळिशीचा माणूस, दोन लेकींचा बाप. वरच्या मेंढवाड्यावर त्याची दगडी झोपडी होती; चांगल्या दिवशी तिथून गावात यायला अर्धा दिवस लागतो. तो दोन दिवस चालत होता. गावाच्या तोंडाशी लोकांनी त्याला धरलं तेव्हा त्याच्या दाढीचा दगड झाला होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. आठ जणांनी उचलून त्याला मोरेनाच्या घरी नेलं.

मात्लालीने हे फावड्याला टेकून वरून पाहिलं. मोहापी वाचला म्हणून तिला बरं वाटलं. मग तो कुठल्या वाटेने आला हे तिच्या लक्षात आलं. वरच्या मेंढवाड्यावरून एकच वाट आहे आणि ती घळीतून येते. खोआबाने त्याच घळीत सापडला होता.

थोड्या वेळाने मोरेनाचा माणूस आला. “म्मे, तुम्हाला बोलावलंय. कुरणाचं ठरवायचंय.”

मोरेनाच्या मोठ्या गोल घरात पन्नासेक माणसं दाटीवाटीने बसली होती. मधे शेणाच्या लाद्यांचा जाळ, ओल्या लोकरीचा वास, धूर छपराला लागून खाली उतरलेला. पुरुष उजवीकडे, बायका दाराशी, जिथे वारा येतो. मोहापी जाळाजवळ घमेल्यात पाय सोडून बसला होता. त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि कुणीतरी त्याला चमच्याने पातळ आंबील पाजत होतं.

म्हातारे आधीच पेटले होते.

“टोळांच्या पुढच्या वर्षी माझ्या बापाचा घोडा उभ्याउभ्या गोठला होता,” एक जण सांगत होता. “शेपूट धरली तर शेपूट हातात आली.”

“ती थंडी, बर्फ नव्हे,” दुसरा म्हणाला. “थंडी वेगळी आणि बर्फ वेगळं. लाल धुळीच्या वर्षी बर्फ पडलं ते पाच दिवस हललं नाही.”

“तुझं काय हलतं म्हणा पाच दिवसांत.”

लोक हसले. तरुण मोरेना, म्हाताऱ्या सेखेलेचा मुलगा, हसला नाही. त्याच्या वरच्या शेळ्या बहुतेक गेल्याच होत्या. “घोड्यांच्या शेपट्या राहू द्या,” तो म्हणाला. “माझ्या बापाचा शब्द आहे. खोआबानेचं बर्फ. मोडायचा असेल तर सगळ्यांनी मिळून मोडा, नाहीतर पाळा.”

“मोडायचा कशाला?” न्ताते फीरी म्हणाला. फीरी मोठा माणूस, म्हणून न्ताते, म्हणजे बाबा; दोन बायकांचा धनी. त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं, नव्या घराच्या भिंती उभ्या होत्या आणि छपराचं गवत कुरणात उभं होतं. “आज मेंढ्यांच्या तोंडात छपरं दिलीत, तर पावसाळ्यात सुना मेंढ्यांच्या पोटाखाली निजवणार का? शब्द तो शब्द. मात्लाली बसलीय इथे. तिलाच विचारा.”

सगळे दाराकडे वळले. मात्लाली उठून उभी राहिली. माफूती तिच्याजवळच बसली होती. तिने वर पाहिलं नाही, मांडीवरच्या लेकराचे पाय चोळत राहिली.

“म्मे,” मोरेना म्हणाला, “तुम्ही ते बर्फ पाहिलंय. हे तेवढं आहे का?”

सकाळपासून वाफ सोडणाऱ्या अकरा मेंढ्या मात्लालीच्या डोळ्यांसमोर होत्या. “आहे,” ती म्हणाली. “तेवढंच आहे.”

घरभर सुस्कारा गेला. दोघं तिघं पुरुष उठायलाच लागले.

“थांबा,” फीरी म्हणाला. तो बसूनच बोलला, अगदी सावकाश. “परवा नव्हतं, काल नव्हतं, सकाळी माफूतीला नाही म्हणालीस म्हणे, आणि आता आहे? बरं, असू दे. तेवढंच होतं म्हणतेस ना? मग हा मोहापी बघ. हा त्याच वाटेने आला, त्याच घळीतून, आणि पाय धूत बसलाय. खोआबानेला काय पाय नव्हते?”

कुणी हसलं नाही, पण कुणी फीरीला गप्पही केलं नाही. मात्लालीने पाहिलं, प्रत्येक जण मनातल्या मनात तीच गोष्ट मोजत होता.

बत्तीस वर्षं ती या एका प्रश्नाला भीत होती.

खोआबाने वरच्या मेंढवाड्यावर गेला त्या सकाळी त्यांचं भांडण झालं होतं. मोठं काही नव्हतं. त्याला एक मेंढा देऊन खोगीर घ्यायचं होतं आणि तिला नको होतं. तो दारातून बाहेर पडताना ती म्हणाली होती, “तू आलास काय नि न आलास काय, चूल माझी मलाच पेटवायचीय.” मग दोन दिवस बर्फ पडलं. चौथ्या दिवशी तीच त्याला शोधत घळीपर्यंत गेली आणि तिलाच तो सापडला. दगडाला पाठ लावून बसला होता. तिथून गावातला धूर दिसत होता, हाक मारली असती तर ऐकू आली असती. अंगावर नुसता सदरा होता. घोंगडी त्याच्या शेजारी ठेवली होती, नीट, चौघडी करून.

तिने ती उलगडली, त्याच्या अंगावर घातली, गळ्याशी पिन लावली आणि मग लोकांना हाका मारल्या. आले ते म्हणाले, बिचारा, थंडीने गेला. म्हाताऱ्या सेखेलेने विचारलं, एवढ्याशा बर्फात धडधाकट माणूस कसा अडकला? तेव्हा ती म्हणाली, वर एवढंसं नव्हतं, आमच्या घराकडे तर दार उघडेना. तिचं घर गावाच्या टोकाला, वाऱ्याच्या तोंडी. कुणी पाहायला आलं नाही. आणि पहिल्यांदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलताना जड जात नाही. दर हिवाळ्यात ती ते बर्फ थोडं थोडं उंच करत गेली. बर्फ मोठं असलं की माणूस थंडीने मरतो. बर्फ लहान असलं की लोक विचारतात, मग तो घरी का नाही आला?

तिला त्याचं उत्तर ठाऊक होतं. तो घरी आला नाही कारण त्याला यायचं नव्हतं.

“म्मे?” मोरेना म्हणाला.

अजूनही तिला म्हणता आलं असतं, नाही, चुकले, तेव्हा जास्त होतं. फीरीच्या सुनेला छप्पर मिळालं असतं आणि खोआबानेच्या पायांचं पुन्हा कुणी विचारलं नसतं. तिने माफूतीकडे पाहिलं. पोरीने लेकराचे पाय आता चोळायचे थांबवून आपल्या काखेत धरले होते.

“तेवढं नव्हतं,” मात्लाली म्हणाली.

“म्हणजे ते याच्याहून मोठं होतं?”

“लहान होतं. माझ्या गुडघ्याएवढं. दार उघडत होतं. छप्पर उपसलं वगैरे काही नाही, मी तसं सांगत आले.” तिचा आवाज फार लहान येत होता, म्हणून तिने तो वाढवला. “आणि त्याला पाय होते, न्ताते फीरी. चांगले होते. तो घळीपर्यंत आला, गाव दिसत होतं, तिथे बसला. घोंगडी काढून घडी करून बाजूला ठेवली होती त्याने. मी ती परत घातली. कुणाला सांगितलं नाही. तुमच्या मेंढ्या गेल्या, दोन्ही वेळा, तरी मी सांगितलं नाही.”

जाळातली लादी कोसळली. एक म्हातारी स्वतःशी पुटपुटली, “माझ्या तीस शेळ्या.” बाकी कुणी मात्लालीकडे बघेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मात्लाली आपण होऊन खाली बसली.

“घडी करून?” कुणीतरी विचारलं.

तो मोहापी होता. आल्यापासून त्याने तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे सगळे दचकले. त्याचे ओठ फुटले होते आणि शब्द जाडे येत होते.

“म्मे, त्याला उकडलं असेल,” तो म्हणाला.

“याला वात झालाय,” फीरी म्हणाला.

“वात नाही, न्ताते. आज मला पण उकडलं. घळीत आलो आणि थंडी एकदम गेली. कापणीच्या वेळी दुपारी उकडतं ना, तसं. मानेला घाम आल्यासारखं वाटायला लागलं. म्हटलं, एवढ्या उन्हात ही घोंगडी कशाला वागवतोय मी. काढायला गेलो तर पिन गोठलेली, आणि बोटांना काही कळेना. दातांनी ओढली. हे बघा, दात पडला.” त्याने ओठ वर करून दाखवला. “नाहीच निघाली. मग पिनेला शिव्या देत तसाच चालत राहिलो. निघाली असती तर मी पण काढली असती.”

“आणि घडी?” मोरेनाने विचारलं.

“घडी करणारच की. चांगली घोंगडी आहे. बायको घरी वाट बघतेय, चिखलात टाकून आलो तर ती घरात घेईल का?”

आता मात्र एक दोघं हसले, आणि मग हसणं चांगलंच पसरलं, कारण मोहापीची बायको तिथेच बसली होती आणि तिने तोंडावर घोंगडीचं टोक धरलं होतं. मात्लाली हसली नाही. ती मोहापीच्या तोंडाकडे बघत होती.

“तुला घरी यायचं होतं?” तिने विचारलं.

“म्हणजे काय म्मे? घरीच तर येत होतो.”

मोरेना उभा राहिला. “हे बर्फ खोआबानेच्या बर्फाहून मोठं आहे,” तो म्हणाला. “माझ्या बापाचा शब्द पाळला गेला. कुरण उघडा.” आमच्याकडे मेंढ्या म्हटलं की कुणी कुणासाठी थांबत नाही; पन्नास माणसं एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघत होती. मात्लाली भिंतीला लागून बसली आणि तिच्या अंगावरून घोंगड्यांच्या कडा घासत गेल्या.

माफूतीच्या नवऱ्याने मात्लालीच्या अकरा मेंढ्या आपल्याबरोबर वर नेल्या. ती नको म्हणाली नाही. उतारावर गवताचे शेंडे बर्फाच्या वर आले होते आणि घोडे पुढे घालून लोकांनी तिथवर वाट तुडवली. मेंढ्या पोचल्या तेव्हा त्यांना ओरडायचीही शुद्ध नव्हती, माना खाली घालून त्या नुसत्या खात राहिल्या. आम्ही सगळे वर होतो. कुणी मेलेली जनावरं मोजत होतं, कुणी फीरीला चिडवत होतं की मुलाच्या लग्नाला आता पत्रे आण. बोलता बोलता या बर्फाला नाव पण पडलं. मोहापीचं बर्फ. कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ऊन उतरायच्या आत ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

वरून गाव अख्खं दिसतं. मात्लालीच्या घरातून धूर येत नव्हता. ती घराच्या मागे होती, फावडं घेऊन. तिथे मेंढवाडा नाही, वाट नाही, काही नाही, तिचा नवरा पुरलाय फक्त. बत्तीस वर्षांत तिला तिकडे फिरकताना आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. आमच्यात माणूस मेल्यावर घरच्यांनी वर्षातून एकदा त्याच्याजवळ ज्वारीची दारू ओतायची असते, चार शब्द बोलायचे असतात. तेही तिने कधी केलं नाही. लोक म्हणायचे, बाई कठीण काळजाची.

“म्मेला बोलवायचं का इकडे, जाळापाशी?” माफूतीने नवऱ्याला विचारलं.

“बघ,” तो म्हणाला, आणि मग दोघंही बकऱ्यांच्या मागे लागली. खरं म्हणजे आम्हा कुणालाच खाली जायचं नव्हतं. जाऊन तिला म्हणायचं काय? पुढच्या बर्फाला तिच्या दारात जायचं कारणही आता उरलं नव्हतं.

खाली मात्लाली चार फावडी बर्फ काढत होती, दांड्यावर कपाळ टेकत होती, पुन्हा चार फावडी काढत होती. ऊन डोंगराआड जायला आलं तेव्हा फावडं दगडावर वाजलं. तिने हाताने दगड पुसला. तिला वाटलं होतं आपण खूप बोलू. बत्तीस वर्षांचं साचलं होतं, खोगिराचं, त्लालीचं, प्रत्येक हिवाळ्याचं. ती वाकून उभी राहिली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

“उकडत होतं होय तुला,” ती दगडाला म्हणाली. “मला वाटलं, माझा राग आला.”